पेशीच्या पायाखालचे कापड

सोलापुरात टेरी टॉवेल विणणाऱ्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात. एका बीमवरचे सूत घट्ट ताणलेले असते आणि त्यातून टॉवेलचा पाया विणला जातो. दुसऱ्या बीमवरचे सूत मुद्दाम सैल सोडलेले असते, आणि फणीच्या ठोक्यासरशी त्या सैल सुताचे बारीक फासे उभे राहतात, जे अंगावरचे पाणी टिपून घेतात. माग तोच, कापूसही तोच. केवळ ताण वेगळा ठेवल्याने सुताचे काम बदलते. शरीरातील पेशींच्या बाबतीतही ताणाला असेच महत्त्व आहे, हे विज्ञानाला नीट उमगायला मात्र बराच काळ जावा लागला.

आपल्या बहुतेक पेशी कोलॅजेनसारख्या प्रथिनांच्या तंतूंच्या जाळीला धरून राहतात. पेशीच्या आवरणातील इंटेग्रिन नावाची प्रथिने ही जाळी पकडतात आणि पेशीच्या आतील यंत्रणा त्यांच्यामार्फत जाळी सतत ओढून पाहते. जाळी किती लवते आणि किती विरोध करते, याची खबर केंद्रकापर्यंत पोहोचते आणि त्यानुसार कोणती जनुके जागी व्हायची हे ठरू लागते.

अमेरिकेत अ‍ॅडम एंग्लर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हे स्पष्ट दाखवले. अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, त्यांनी कमी-अधिक कडक जेलवर वाढवल्या. पोषक द्रव सर्वांना एकच होता. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे सुमारे 1 किलोपास्कल (कडकपणा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी कडकपणाच्या जेलवर पेशींना चेतापेशींसारख्या शाखा फुटल्या, 10 किलोपास्कलच्या आसपास त्या स्नायूंच्या वळणावर गेल्या आणि 25 ते 40 किलोपास्कलला हाडाच्या. पेशीची ओढण्याची शक्ती औषधाने बंद केली, तेव्हा हा फरकच नाहीसा झाला. आमच्या मते या प्रयोगाचे मर्म येथेच आहे, कारण स्पर्श निष्क्रिय नसतो, पेशी स्वतः चाचपून पाहते, हे त्यातून कळते.

तंतूंची दिशाही पेशीला वाट दाखवते. रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञाने 1914 साली, कृत्रिम धागे हाताशी नसताना, कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ताणून त्यांवर भ्रूणाच्या पेशी ठेवल्या होत्या आणि त्या पेशी धाग्याच्या कडेकडेने लांबट होत सरकताना पाहिल्या होत्या.

या ज्ञानाचा रुग्णाला काय उपयोग, हे भाजलेल्या माणसाच्या मानेकडे पाहिले की समजते. खोल जखम भरताना तिच्यातील पेशी कडा आत खेचतात, व्रण आवळत जातो आणि कधी कधी हनुवटी छातीकडे ओढली जाऊन मान वर उचलणेही अवघड होते. जॉन बर्क आणि इओआनिस यान्नास यांनी 1981 साली गाईचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतील कॉन्ड्रॉइटिन हा शर्करायुक्त पदार्थ यांपासून एक सच्छिद्र पदर तयार केला आणि त्यावर सिलिकॉनचे पातळ आवरण घातले. छिद्रांचा आकार आणि पदर विरघळण्याचा वेग जपून निवडल्यामुळे पेशी आत शिरतात, जखम आवळण्याची त्यांची प्रवृत्ती मंदावते आणि त्या आतली त्वचा नव्याने रचू लागतात. नंतर सिलिकॉन काढून त्या जागी रुग्णाच्याच त्वचेचा अतिशय पातळ थर बसवला जातो. अमेरिकेत या उपचाराला 1996 साली मान्यता मिळाली.

सोलापूरच्या विणकराला सर्वांत जवळची वाटेल अशी गोष्ट 2007 सालची आहे. फ्रँकलिन मूटोस, लिसा फ्रीड आणि फर्शिद गुइलाक यांनी शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या धाग्यांचे, थरावर थर असलेले त्रिमितीय कापड विणले आणि त्यात कूर्चेच्या पेशी मिसळलेले जेल भरले. नुसते जेल गुडघ्यातील दाबाला टिकले नसते; उभ्या-आडव्या धाग्यांना आरपार बांधणाऱ्या तिसऱ्या धाग्यामुळे ते कापड सुरुवातीपासूनच कूर्चेसारखा भार पेलू शकले.

अशा कापडावर जाड अवयव वाढवण्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरपलीकडे प्राणवायू पुरेसा झिरपत नाही, म्हणजे केसाच्या दोन-तीन जाडींपुढची पेशी उपाशी राहते. त्यामुळे आज संशोधकांची बरीच मेहनत कापडाच्या पोटात पोकळ नलिका सोडण्यावर आणि त्यांत रक्तवाहिन्यांच्या पेशी रुजवण्यावर खर्च होत आहे.