बिंदू, रेषा, प्रतल: ठरवणारे किती, तपासणारा कोण

नमस्कार श्रोतेहो. शाळेत भूमितीच्या पहिल्याच धड्यात येणारे आणि बहुतेकांचे एका तासात उरकले जाणारे तीन शब्द आज घेऊ या: बिंदू, रेषा आणि प्रतल. रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून एक कोरा कागद, टोक केलेली पेन्सिल आणि तीस सेंटिमीटरची फूटपट्टी जवळ घ्या. बसायला अशी जागा धरा की जिथून खोलीचा एखादा कोपरा छतापर्यंत दिसेल.

बिंदू म्हणजे काय, असं विचारलं की मुलं कागदावर टिंब काढून दाखवतात. ते टिंब पेन्सिलच्या शिशाचं असतं आणि चांगलं अर्धा मिलिमीटर रुंद असतं. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियात युक्लिडने लिहिलं, की ज्याला भाग नाहीत तो बिंदू, आणि जिला रुंदी नाही अशी लांबी म्हणजे रेषा. वाक्यं सुंदर आहेत, पण त्यांच्या जोरावर पुढे काहीच सिद्ध होत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांनी, १८९९ मध्ये, गॉटिंगेनच्या डेव्हिड हिल्बर्टने व्याख्या करणंच सोडून दिलं. बिंदू, रेषा आणि प्रतल अशा तीन प्रकारच्या वस्तू आहेत असं समजा, त्या कशाच्या बनल्या हे विचारू नका, त्यांचं एकमेकांशी नातं काय तेवढं मी सांगतो, असा त्याचा पवित्रा होता. या शब्दांऐवजी टेबलं, खुर्च्या आणि बियरचे मग म्हटलं तरी भूमिती चालली पाहिजे, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

ते नातं म्हणजे मुळात एक हिशोब आहे. किती बिंदू दिले की रेषा पक्की होते, आणि किती दिले की प्रतल पक्कं होतं? दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. धड्यात ही विधानं पाठ करायला दिलेली असतात. कामाच्या जागी मात्र उपयोग होतो तो त्यांच्या पुढच्या बिंदूचा. दोन बिंदू रेषा ठरवतात आणि तिसरा ती तपासतो. तीन बिंदू प्रतल ठरवतात आणि चौथा ते तपासतो.

आधी रेषा. कागदावर एकमेकांपासून सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरवर दोन बारीक टिंबं काढा. दोन्हींना पट्टीची कड लावून रेघ ओढा. आता तीच कड त्याच दोन टिंबांवर ठेवून पट्टी रेघेच्या पलीकडच्या बाजूला पालथी करा आणि पुन्हा रेघ ओढा. पट्टी सरळ असेल तर दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसेल. मध्ये फट दिसली तर पट्टीची कड वाकडी आहे, आणि वाकडेपणा दिसणाऱ्या फटीच्या निम्मा आहे. कारण कड पहिल्या वेळी जितकी वर फुगली होती, तितकीच दुसऱ्या वेळी खाली फुगली. दोन बिंदूंतून दोन वेगळ्या सरळ रेषा जाऊच शकत नाहीत, म्हणून निदान एक रेघ खोटी, आणि कड एकच असल्यामुळे दोन्ही खोट्या. या तपासणीला दुसरी 'चांगली' पट्टी लागत नाही, ही तिची खुबी.

टिंबं अठ्ठावीस सेंटिमीटरवर का? ती दोनच सेंटिमीटरवर घेतली आणि त्यांतलं एक अर्धा मिलिमीटर सरकलं, तर पहिल्या टिंबापासून तीस सेंटिमीटरवर रेघ साडेसात मिलिमीटर भरकटते. अंतर पंधरा पट झालं की चूकही पंधरा पट होते. दोन बिंदू रेषा ठरवतात हे खरं, पण जवळचे दोन बिंदू ती फार कच्ची ठरवतात. भूमितीच्या वहीत मुलांचे लंब आणि समांतर रेषा चुकतात त्या बऱ्याचदा याच कारणाने: खुणा जवळजवळ करायच्या आणि रेघ लांब ओढायची.

बांधकामावर पट्टीची जागा दोरी घेते. ताणलेल्या दोरीला आपण सरळ म्हणतो, पण आडव्या दोरीला स्वतःच्या वजनाने झोळ पडतोच. मीटरला एक ग्रॅम वजनाची दोरी दहा मीटरवर एक किलोच्या ताणाने बांधली तर मधोमध साडेबारा मिलिमीटर झोळ येतो. ताण पाच किलो केला की तो अडीच मिलिमीटरवर उतरतो. अंतर दुप्पट केलं तर झोळ चौपट. म्हणून लांब भिंतीसाठी मध्ये आधार देतात किंवा दोरी टप्प्याटप्प्याने बांधतात. ओळंब्याची दोरी उभी असल्यामुळे तिला असा झोळ नाही. तिला त्रास वाऱ्याचा.

शाळेतल्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 'रेषा पी-क्यू ची लांबी पाच सेंटिमीटर' हे वाक्य चूक आहे. रेषा दोन्हीकडे अमर्याद असते, लांबी असते ती रेषाखंडाला. रेषाखंड पी-क्यू आणि क्यू-पी एकच. किरण पी-क्यू आणि किरण क्यू-पी मात्र वेगळे, कारण पहिला पी पासून निघतो आणि दुसरा क्यू पासून. परीक्षेत गुण जातात ते इथे. आणि कागदावर प्रतल दाखवायला समांतरभुज चौकोन काढतात म्हणून प्रतलाला चार कडा असतात असं समजू नका. तो त्याचा एक तुकडा आहे.

मोजणीचं एक छोटं गणित. दहा बिंदू आहेत आणि कोणतेही तीन एका रेषेत नाहीत. किती रेषा काढता येतील? प्रत्येक बिंदूतून उरलेल्या नऊंकडे नऊ रेषा, दहा बिंदूंच्या मिळून नव्वद. पण प्रत्येक रेषा दोन्ही टोकांकडून मोजली गेली, म्हणून पंचेचाळीस. आता यांतले चार बिंदू एका रेषेत आहेत असं धरा. त्या चारांच्या सहा जोड्या सहा रेषांऐवजी एकच रेषा देतात. पंचेचाळीसमधून पाच गेल्या, उरल्या चाळीस.

आता प्रतलाकडे येऊ. तीन पायांचं स्टूल खडबडीत अंगणातही डुगडुगत नाही. तीन पायांची तीन टोकं कुठेही टेकली तरी त्यांतून एक प्रतल जातंच. जमीन मोजणाऱ्यांच्या यंत्राची घोडी तिपायी असते ती याचसाठी. चार पायांच्या टेबलाचा चौथा पाय मात्र तपासनीस. पाय आखूड असो की फरशी उंचसखल, तो लगेच बोलतो, आणि टेबल समोरासमोरच्या दोन पायांच्या कर्णावर झुलू लागतं. 'एका रेषेत नसलेले' ही अट विसरू नका. तीन टोकं जवळजवळ एका ओळीत आली तर दोन जवळच्या टिंबांची जी गत, तीच इथे. प्रतल ठरतं, पण आडव्या दिशेने जराशा चुकीने कितीही कलतं.

चौथ्या बिंदूची उत्तम तपासणी सुतारकामात आहे. दाराची चौकट बसवण्यापूर्वी लोक चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या, कर्ण सारखे, म्हणजे चौकट काटकोनात, असं म्हणून ती उभी करतात, आणि मग दार एका कोपऱ्यात लागतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात उघडं राहतं. चौकटीला पीळ असला तरी ही सगळी मापं जुळू शकतात. चारही कोपरे एका प्रतलात आहेत का, हे त्या मापांनी कळतच नाही. त्यासाठी चार कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे चार खिळे ठोका आणि समोरासमोरच्या खिळ्यांना बारीक दोरी ताणून बांधा. दोन छेदणाऱ्या रेषा एका प्रतलात असतात, म्हणून मधोमध दोऱ्या जेमतेम टेकल्या तर चारही कोपरे एका प्रतलात आहेत. फट राहिली तर पीळ आहे, आणि फटीच्या दुप्पट एक कोपरा बाहेर आहे. फट तीन मिलिमीटर तर कोपरा सहा मिलिमीटर. फसायला होतं ते यापुढे. दोऱ्या टेकलेल्या दिसतात, पण खालची दोरी वरचीला ढकलत असू शकते. म्हणून वरची दोरी सोडून खालून घ्या आणि पुन्हा पाहा. दोन्ही वेळा जेमतेम स्पर्श झाला तरच चौकट सपाट.

भिंतीच्या गिलाव्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. गवंडी आधी भिंतीवर ठिय्ये मारतो, म्हणजे हातभर अंतरावर नव्हे तर दीड-दोन मीटरवर मसाल्याच्या लहान थापा. आतल्या भिंतीला साधारण बारा मिलिमीटर जाडी धरतात. वरच्या दोन टोकांचे ठिय्ये दोरीने जुळवतो, खालचे ओळंब्याने, मधले त्यांच्या दोरीत. मग वरच्या-खालच्या ठिय्यांमध्ये उभे पट्टे भरतो आणि त्यांच्यावर अॅल्युमिनियमची सरळ पट्टी फिरवून मधला माल कापतो. बिंदूंवरून रेषा, रेषांवरून प्रतल.

यात चोरटी चूक शिरते ती अशी. समजा, चार कोपऱ्यांच्या ठिय्यांपैकी एक पाच-सहा मिलिमीटर पुढे राहिला. उभे पट्टे दोन्ही सरळ आहेत, पण ते एका प्रतलात नाहीत. त्यांच्यावर आडवी पट्टी फिरवली की ती प्रत्येक ठिकाणी पूर्ण टेकते. उभी लावा, पूर्ण टेकते. आडवी लावा, पूर्ण टेकते. तरी भिंत सपाट नाही, पिळलेली आहे. घोड्याच्या खोगिरासारखा हा पृष्ठभाग सगळा सरळ रेषांचाच बनलेला असतो, म्हणून उभी-आडवी पट्टी त्याला पकडू शकत नाही. पट्टी कर्णावर तिरपी लावली की फट दिसते. भिंतीला लावून कपाट उभं करायचं असेल तर ठेकेदाराकडून तिरपी तपासणी करून घ्याच. तीही माल ओला असताना, कारण वाळल्यावर भरून काढलेला थर नीट धरत नाही.

आता मान वर करा आणि कोपरा पाहा. दोन भिंती भेटतात तिथे रेषा मिळते, नुसता एक बिंदू कधीच मिळत नाही. दोन वेगळ्या प्रतलांना एक बिंदू सामाईक असेल तर दुसराही असतोच, म्हणून सगळी रेषाच सामाईक. कागदाची घडी सरळ पडते तीही यामुळेच: घडीच्या दोन्ही बाजू सपाट राहतात आणि त्यांचा छेद म्हणून घडी. तिसरं प्रतल छताचं, ते त्या उभ्या रेषेला एका बिंदूत छेदतं. खोलीला बारा कडा आहेत. त्यांतली एक धरा, उरल्या अकरा. तीन तिला समांतर, चार तिला भेटतात. राहिलेल्या चार समांतरही नाहीत आणि कितीही वाढवल्या तरी भेटतही नाहीत, कारण त्या तिच्याबरोबर एका प्रतलात बसतच नाहीत. 'न छेदणाऱ्या रेषा समांतर' हे वाक्य कागदावर खरं आणि खोलीत खोटं, ते या चार कडांमुळे. एकाच प्रतलातल्या, एवढा शब्द जोडला की वाक्य दुरुस्त होतं.

शेवटचा प्रश्न यंत्रशाळेचा. पहिलं खरं सपाट लोखंड आलं कुठून, जेव्हा ताडून पाहायला सपाट काहीच नव्हतं? इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत याची रीत मांडली. प्लेटी दोन नव्हे, तीन घ्यायच्या. पहिलीला पातळ रंग लावून दुसरीवर घासायची. रंग लागलेले उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. दोनच प्लेटी असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या छान जुळतात. तिसरी प्लेट पहिलीशी जुळवली की तीही खोलगट होते, आणि मग दुसरी-तिसरी समोरासमोर आल्या की रंग फक्त कडांना लागतो. चोरी पकडली जाते. पुन्हा खरवडायचं, पुन्हा फिरवून जोड्या लावायच्या, तिन्ही जोड्यांवर रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत.

पण गिलाव्यातला तो पीळ इथेही लपू शकतो. तिन्ही प्लेटी सारख्याच पिळलेल्या असतील तर त्या एकमेकींवर निमूट बसतात. म्हणून जोडी जुळली की वरची प्लेट पाव वळण फिरवून पुन्हा घासतात. पीळ असेल तर आता एका कर्णाची दोन टोकंच रंगतात आणि उरलेले दोन कोपरे कोरे राहतात.

नमस्कार.