फिफ्थ अव्हेन्यूवरचा बर्फ

(दृश्य : सिएटल, सकाळची वर्दळ, पांढऱ्या कमानींची इमारत)

सिएटलचा फिफ्थ अव्हेन्यू. समोरची ही इमारत मिनोरू यामासाकी यांच्या आराखड्यावरून उभी राहिली. वर बारीक पांढरे खांब, पायथ्याशी कमानी. ऑफिसला निघालेली माणसं रोज या कमानींखालून जातात. 26 मार्च 1917 च्या रात्री याच जागी आइस हॉकीच्या रिंकचा, म्हणजे मैदानाचा, बर्फ होता. त्या बर्फावर अमेरिकेतल्या एका संघाने पहिल्यांदाच स्टॅन्ली कप, म्हणजे आइस हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला.

आइस हॉकी या शहरात 2021 साली क्रॅकेन संघाबरोबर आली, असं पुष्कळांना वाटतं. ती त्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी आली होती.

(दृश्य : संघाचा जुना फोटो)

हे सिएटल मेट्रोपॉलिटन्स. फोटो कृष्णधवल आहे, पण स्वेटरवरचे हे आडवे पट्टे लाल, हिरवे आणि पांढरे होते. संघाचा प्रशिक्षक पीट मुल्डून मूळचा बॉक्सर, अजून तिशीही न गाठलेला. पाच खेळाडू थेट टोरंटोहून आणलेले.

(दृश्य : रिंकखालचे पाइप, वर गोठत जाणारं पाणी)

सिएटलला पाऊस भरपूर, पण तळी गोठतील अशी थंडी नाही. इथे बर्फ तयारच करावा लागतो. जमिनीत पाइपांचं जाळं, त्यातून फिरणारं खारं पाणी. मिठामुळे ते शून्याखाली जाऊनही वाहत राहतं आणि वरचा पाण्याचा थर गोठवतं. फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक या भावांनी घरच्या लाकडाच्या धंद्यातून आलेला पैसा अशा रिंकांमध्ये ओतला आणि 1911 मध्ये पश्चिम किनाऱ्याची स्वतंत्र लीग उभी केली. आजच्या हॉकीचा बराचसा आकार या दोन भावांनी दिला आहे.

(दृश्य : बर्फावरच्या निळ्या रेषा, वरून)

या निळ्या रेषाच बघा. त्या पॅट्रिक बंधूंच्या लीगने आखल्या. पूर्वेकडे, म्हणजे पूर्व कॅनडातल्या लीगमध्ये, पक (खेळातली रबरी चकती) पुढच्या गड्याकडे द्यायला मनाई होती. पश्चिमेत दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात तो पुढे देता येई. पूर्वेकडे सहा गडी, पश्चिमेत कबड्डीसारखे सात. या सातव्याला रोव्हर म्हणत. त्याला नेमून दिलेली जागाच नव्हती, गरज पडेल तिथे त्याने धावायचं. सिएटलचा रोव्हर जॅक वॉकर. काठी बर्फावर आडवी टाकून समोरच्याचा पक ओढून घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

1916-17 च्या हंगामात सिएटलने 24 पैकी 16 सामने जिंकले. बर्नी मॉरिसने एकट्याने 37 गोल केले.

(दृश्य : आगगाडीचे रूळ, मग वृत्तपत्रांची कात्रणं)

मार्चमध्ये कपसाठी पूर्वेच्या लीगचा संघ, आदल्या वर्षीचे विजेते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, आगगाडीने अख्खा खंड ओलांडून आले. गोलमध्ये जॉर्ज वेझिना, पुढे न्यूझी लालोंड. पाच सामन्यांची मालिका, नियम आलटूनपालटून : एकदा सात गडी, एकदा सहा.

पहिला सामना सात गड्यांचा, म्हणजे सिएटलच्या सवयीचा. तो सिएटलने 4-8 असा गमावला. दुसरा पूर्वेच्या नियमांनी, आणि तो जिंकला 6-1 ने. तिसरा 4-1. नियमांच्या जोरावर सिएटल जिंकलं असं कुणी म्हणत असेल, तर हा क्रम त्याने एकदा पाहावा.

चौथा सामना पुन्हा परक्या नियमांनी. 9-1. त्यातले सहा गोल मॉरिसचे, आणि चार सामन्यांतले मिळून 14.

(दृश्य : फोटोतले चेहरे, एकेक करून)

होम्स. कार्पेंटर. रो. रिकी. वॉकर. मॉरिस. फॉयस्टन. विल्सन. आणि रायली, जो पुढे बेसबॉलच्या मेजर लीगमध्येही खेळला. एवढे नऊच.

(दृश्य : स्टॅन्ली कपवरची अक्षरं)

1919 मध्ये हेच दोन संघ इथेच पुन्हा भिडले. इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे मालिका अर्धवट राहिली आणि मॉन्ट्रियलचा जो हॉल सिएटलमध्येच वारला. 1924 मध्ये संघ बंद पडला, रिंकचं गॅरेज झालं, 1963 मध्ये तेही पाडलं.

(दृश्य : क्रॅकेनच्या मैदानात छताला टांगलेली 1917 ची पताका, मग पुन्हा कमानी, संध्याकाळ)