शेवटचा बार: दारूकामाच्या अखेरच्या 40 सेकंदांची आखणी

मंडळी, शेवटाला किती शेल (नळीतून उडून आकाशात फुटणारे गोळे) लावायचे हे ठरवण्याआधी टेप घेऊन जागा मोजा. शेलच्या व्यासाच्या दर इंचामागे प्रेक्षकांपासून 70 फूट, हा अमेरिकी मानकातला हिशोब आधाराला धरायला चांगला आहे. 3 इंची शेलला 210 फूट, 4 इंचीला 280, 6 इंचीला 420, म्हणजे साधारण 128 मीटर. आता ठाण्याचा मासुंदा तलाव डोळ्यांसमोर आणा. चहूबाजूंनी रस्ता, दुकानं, तलावपाळीवरची गर्दी. तिथे 6 इंचीचा विचारही करू नये. अशा जागी शेवट रुंदीवर उभा करायचा: छोट्या नळ्यांतले कॉमेट (शेपटीसह वर जाणारा जळता गोळा) आणि माइन (नळीच्या तोंडातूनच वर उसळणारा ठिणग्यांचा फवारा), एका ओळीत आठ-दहा ठिकाणांहून. खाडीकाठी अंतर मिळतं, पण ठाणे खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. हिवाळ्यात पक्षी तिथे मुक्कामाला असतात. त्या पट्ट्याजवळ दारूकाम नकोच.

जागा ठरली की शेवटच्या शेलपासून उलटं लिहीत या. कागदावर आधी तो क्षण मांडा, ज्यानंतर आकाशात काहीच नसेल. मग त्याच्या मागे दोन सेकंद, पाच, दहा. यात घोटाळा होतो तो उड्डाणाच्या वेळेचा. 3 इंची शेल नळीतून निघाल्यावर साधारण अडीच सेकंदांनी फुटतो, 6 इंचीला चारच्या आसपास लागतात. दोन्ही एकत्र फुलायला हवे असतील तर 6 इंचीला दीड सेकंद आधी आग द्यावी लागते. कॉमेट तर नळीतून निघताच दिसतो. म्हणून यादीत दोन रकाने ठेवा, आग देण्याची वेळ आणि फुटण्याची वेळ, आणि संगीत जुळवायचं ते दुसऱ्या रकान्याशी. आवाज प्रकाशाच्या मागून येतो, 200 मीटरवर अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. तो जुळवत बसू नका, डोळ्याला जुळलं की पुरे.

उंचीचे थर हा शेवटाचा कणा. ढोबळमानाने शेल इंचामागे 100 फूट चढतो, म्हणजे 3 इंची 300 फुटांवर, 6 इंची 600 वर. सगळे शेल एकाच मापाचे घेतले तर एकाच उंचीवर एकमेकांत मिसळून पांढरा गोळा होतो. खाली माइन, मधे 3 आणि 4 इंची, वर 6 इंची, असे तीन मजले पाहिजेत. आणि शेवट सुरू होण्याआधी तीन-चार सेकंद पूर्ण अंधार. आयोजकांना तो फार खटकतो, पण त्याशिवाय डोळा सावरत नाही आणि पुढचा पहिला स्फोट निम्माच दिसतो.

रंगांत कायदा आधी बघा. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियमचे क्षार आणि फटाक्यांच्या माळा यांवर बंदी घातली. गडद हिरवा रंग बेरियमचाच, त्यामुळे तो धरूनच चालू नका. उरतात स्ट्रॉन्शियमचा लाल, टायटॅनियमची चांदी आणि कोळशाचं सोनं. तांब्याचा निळा सुंदर असतो पण मंद. चांदीशेजारी ठेवला तर दिसतच नाही, त्याला शेवटाच्या आधीच्या भागात मोकळी जागा द्या. अगदी अखेरीला मोठ्या आवाजाच्या बारांऐवजी मी सोनेरी विलोची, म्हणजे लांब सोनेरी धारांनी खाली ओघळणाऱ्या शेलची, बाजू घेईन. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बारांचा आवाज भिंतीवर आपटून दुप्पट त्रास देतो. शिवाय फुटण्याच्या ठिकाणापासून 4 मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा आहेच. विलो मात्र सहा-आठ सेकंद जळत खाली येते. वारा असेल तर ठिणग्या लांब जातात आणि डिसेंबरमधलं वाळलेलं गवत पेट घेतं. वारा वाढला तर विलो काढून टाकायची, तशी पर्यायी यादी आधीच तयार ठेवा.

शेवट बिघडवतो तो बहुतेक वेळा धूर. संध्याकाळचा समुद्री वारा ओसरला की खाडीकाठी हवा ठप्प होते आणि आपलाच धूर आपल्या शेलसमोर पडद्यासारखा उभा राहतो. म्हणून शेवटाआधीच्या एका मिनिटात जास्त धूर करणारे जमिनीवरचे प्रकार घेऊ नका. वारा असेलच तर ओळीत वारा ज्या बाजूला वाहतोय त्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे आधीच्यांचा धूर पुढच्यांवर येत नाही.

रॅकची, म्हणजे नळ्या उभ्या धरणाऱ्या चौकटींची, मांडणी घाईत होते, आणि अपघातही तिथेच होतात. शेल नळीतच फुटला तर रॅक मोडतो आणि शेजारच्या नळ्या कलतात. वातीने जोडलेली साखळी एकदा पेटली की थांबत नाही, पुढचे शेल कललेल्या नळ्यांतून सुटतात. प्रत्येक शेलला स्वतंत्र ई-मॅच (विजेने पेटणारी काडी) असेल तर बटण सोडून देता येतं. रॅकची लांबी प्रेक्षकांच्या दिशेने ठेवा, म्हणजे कलंडला तरी बाजूला कलंडेल. खाडीच्या मऊ मातीवर रॅकखाली जाड प्लायवूड घाला, नाहीतर पहिल्याच धक्क्यात एक पाय रुततो. नळ्यांच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल बांधा. दवाने उडवणारी दारू ओली झाली की शेल अर्ध्यावर, डोक्याच्या उंचीला फुटू शकतो.

जोडणी तपासताना रॅकजवळ कुणी नको. एका ई-मॅचचा रोध साधारण दीड ते दोन ओहम. दहा एकापाठोपाठ जोडल्या तर पंधरा ते वीस, अधिक तारेचा. आकडा फार जास्त आला तर सांधा सैल, फार कमी आला तर तारा कुठेतरी चिकटल्या.

शेवट झाल्यावर आधी यंत्रणा बंद, चावी काढून प्रमुखाच्या खिशात. किमान 15 मिनिटं कुणीही आत जायचं नाही. न उडालेल्या नळीत वाकून बघायचं नाही, त्यात पाणी ओतायचं. रात्री टॉर्चने एक फेरी आणि सकाळी उजेडात दुसरी, तीही वाऱ्याच्या बाजूला जास्त लांबवर. न फुटलेला शेल मुलांच्या हाती लागण्याआधी तो आपल्या माणसाला सापडला पाहिजे.