हाराचा दोरा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती विसर्जनानंतरचा आठवडा होता. खरकट्यापासून गॅस करणाऱ्या एका छोट्या प्रकल्पात मी तेव्हा देखभालीचं काम बघायचो. सकाळी दळणयंत्र गुरगुरलं आणि गप्प झालं. झाकण काढून पाहिलं, तर दांड्याला झेंडूच्या हारांचा नायलॉनचा दोरा वेटोळं घालून बसलेला. तो कापण्यात दोघांची अख्खी सकाळ गेली. आणि हेच यंत्र घेताना आम्ही कागदावर चार माणसांची मजुरी वाचवली होती!

ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पात यंत्राच्या हाती काय सोपवावं, यावर आज बोलायचं आहे.

टाकीपासून सुरुवात करू. खरकट्यात बहुतेक पाणीच असतं. ते दळून, पातळ रबडी करून हवाबंद टाकीत सोडलं की जिवाणू त्याचा गॅस करतात. हे जिवाणू आपल्या पोटासारखेच. लग्नसराईत जिलेबी-भात एकदम लोटला की टाकी आंबते, आम्लता वाढते आणि गॅस बसतो. पुन्हा सुरळीत व्हायला कधी कधी आठवडे जातात. माणूस काय करतो? सकाळी गाडी आली की सगळा माल एका दमात ओतून मोकळा होतो. पंप मात्र दर तासाला थोडं थोडं भरवतो, तापमान आणि आम्लता मोजणारे सेन्सर त्याला आवर घालतात. इथे यंत्र माणसापेक्षा सरस, यात वाद नाही. शिवाय टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस बघता बघता कोसळतो. तिथून माणसं जितकी लांब, तितकं बरं. यात मजुरी किती वाचली, हे मी विचारणारही नाही.

खरी अडचण त्याच्या अलीकडे, कचरा पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर. तिथे बायका उभ्या राहून पिशव्या, चमचे, शहाळी वेचतात. सुक्या कचऱ्यात प्रकाशाच्या किरणांनी प्लास्टिक ओळखणारी यंत्रं छान चालतात. पण आमटीने माखलेली ओली पिशवी पुढे आली की तीही गोंधळतात. मग पिशव्या फोडून, चाळणीतून रबडी वेगळी काढणारं यंत्र आणतात. ते काम करतं, पण प्लास्टिकचे बारीक तुकडे रबडीबरोबर पुढे जातात आणि शेवटी खतात, म्हणजे कुणाच्या तरी शेतात, पोहोचतात.

इंदूरचं उदाहरण घ्या. तिथे फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेणाऱ्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. दिवसाला 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत, अशी त्याची क्षमता. पाहुणे यंत्रं बघून येतात. मला विचाराल तर त्यांनी सकाळी गल्लीत उभं राहून घंटागाडी बघावी. इंदूरकर घरातच कचरा वेगळा करून देतात, म्हणून पुढची यंत्रं धावतात. दक्षिण कोरियातही 2013 पासून खरकट्याला वजनाप्रमाणे पैसे पडतात. अनेक इमारतींत कार्ड लावल्याशिवाय पिंपाचं झाकणच उघडत नाही.

आपल्या पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेची 1993 पासूनची बांधणी त्यांच्यामागे आहे. ओल्यातली पिशवी दारातच परत करणारी बाई महागड्या चाळणीचं निम्मं काम तिथेच उरकते. पाच टनांच्या प्रकल्पाला तर ती चाळण परवडतही नाही.

आमच्या दोऱ्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पुढच्या वर्षी आम्ही फाटकाशी निर्माल्याचं वेगळं पिंप ठेवलं आणि एका मावशींना विळी देऊन तिथे बसवलं. दहा दिवसांत मोटार एकदाही अडली नाही. प्रश्न हिशेबनिसांना पडला. प्रकल्प स्वयंचलित, मजुरीचा रकाना आधीच रद्द केलेला. बराच वेळ पेन चावून त्यांनी मावशींचा पगार लिहिला 'यंत्रदुरुस्ती'खाली.

नमस्कार.