आधी पाय सांभाळा : नर्मदा परिक्रमेतला रोजचा दिवस

[दृश्य : नदीकाठचं गाव, उतरतं ऊन. पांढऱ्या कपड्यांतले तिघेजण पाठीवर सॅक, हातात काठी घेऊन घाट चढून येतात.]

"नर्मदे हर! कितनी मूर्ति हैं?"

नर्मदेच्या काठी दिवस कलायला लागला की हा प्रश्न कानावर येतो. विचारणारा कधी आश्रमातला सेवेकरी असतो, कधी ओट्यावर बसलेली एखादी आजी. माणसं किती ते कळलं की त्या हिशेबानं कणीक भिजवायची असते. नाव-गाव नंतर. कधी तेही विचारायचं राहून जातं.

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. परिक्रमा म्हणजे एका काठानं जायचं आणि दुसऱ्या काठानं परतायचं. नदी कायम उजव्या हाताला. पात्र ओलांडायचं नाही, बेटावरही पाऊल ठेवायचं नाही. म्हणून ओंकारेश्वरहून निघालेले लोक मांधाता बेटावरच्या महादेवाला जल चढवतात ते परिक्रमा संपल्यावरच. कागदावर हा हिशेब २६२४ किलोमीटरचा. पायांना मात्र तो तीन हजारांच्या पुढे जातो. का, ते पुढे येईल.

परंपरेनं ही यात्रा तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. चातुर्मासात एका जागी थांबायचं. आता पायी चालणारे बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि चार ते सहा महिन्यांत परततात. गाडीनं करणारेही पुष्कळ आहेत. त्यांचे प्रश्न निराळे, आपण त्यांत जात नाही.

परिक्रमेतल्या अनुभवांबद्दल, चमत्कारांबद्दल मराठीत भरपूर बोललं जातं. पायांच्या फोडांबद्दल फार कमी. आणि परिक्रमा अर्धवट सोडून परतणाऱ्याला विचारलं, तर श्रद्धा कमी पडली असं तो सांगत नाही. गुडघा दाखवतो.

[दृश्य : आश्रमाचं दालन, पहाटेचा अंधार. टॉर्चचे झोत.]

पहाटे चार वाजता दालनात प्लास्टिकच्या पिशव्या वाजू लागतात. एकाची सॅक भरताना दहाजणांची झोप जाते. सामान रात्रीच कापडी पिशव्यांमधून लावून ठेवलं तर शेजारी दुवा देतील. मग आंघोळ, नदीवर किंवा हातपंपावर. नदीत साबण लावायचा नाही, कपडे धुवायचे तर पाणी बाजूला काढून घ्यायचं. सोबत बाळगलेल्या बाटलीतल्या नर्मदाजलाची पूजा, आरती, आणि उजाडलं की वाट.

वाटेत बालभोग मिळतो, म्हणजे पोहे किंवा चहाबरोबर काहीतरी. अकरा ते एकच्या दरम्यान भोजनप्रसादी. दुपारचं ऊन सावलीत काढायचं आणि साडेचार-पाचपर्यंत पुढचं ठिकाण गाठून आसन लावायचं, म्हणजे अंथरूण टाकून मुक्काम करायचा. अंधार पडल्यावर चालायचं नाही. यात भक्तीइतकाच व्यवहार आहे : काठावरच्या घळी, विहिरी आणि कुत्री रात्री दिसत नाहीत.

रोजचं अंतर? सरावलेले पाय वीस-पंचवीस किलोमीटर जातात. पहिल्या आठवड्यात मात्र बारा-पंधरावर थांबावं, अंगात जोर असला तरी. दम आठवडाभरात वाढतो, पण पायाच्या शिरा आणि सांधे त्या वेगानं तयार होत नाहीत. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तीस किलोमीटर मारणारा माणूस पाचव्या दिवशी नडगी धरून बसलेला दिसतो.

काही ठिकाणी तयार जेवण नसतं, सदाव्रत मिळतं. म्हणजे कोरडा शिधा : पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची. चूल पेटवायची, टिक्कड थापायचे. पुरुषमंडळींनी निघण्यापूर्वी महिनाभर घरी कणीक मळून पाहावी. ट्रेकिंगच्या दुकानातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा हा सराव जास्त कामी येतो.

आणि चहा. दर दोन-तीन किलोमीटरला कुणीतरी हाक मारतं, "चाय पी के जाओ महाराज." नाही म्हटलं की यजमान खट्टू होतो, हो म्हटलं की दिवसाकाठी आठ-दहा कप आणि तेही पाकासारखे गोड. मधुमेह असेल तर पहिल्या दिवसापासून 'फीकी' मागायची सवय लावावी. बाकीच्यांनी 'थोडीसी' म्हणावं. दोन घोट घेतले तरी यजमानाचा मान राहतो.

[दृश्य : ओसरीवर पसरलेलं सॅकमधलं सामान, वरून.]

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची वाट आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. लांबी आपल्या परिक्रमेच्याच जवळपासची. तिथला चालणारा चार-पाच दिवसांचं अन्न, स्टोव्ह आणि तंबू पाठीवर वागवतो. इथे अन्न आणि छप्पर काठ देतो. तेव्हा इथली सॅक सहा-सात किलोंत बसायला हवी. तरीही पहिल्यांदा येणाऱ्यांच्या पाठीवर बारा-चौदा किलो सहज सापडतात. त्यात घरच्यांचं प्रेम असतं : चिवडा, लाडू, दुसरं स्वेटर, तिसरी शाल, जाड पोथी.

लागतं ते एवढंच. अंगावर एक आणि पिशवीत एक कपड्यांचा जोड. पंचा. हलकी स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट. ताट, वाटी, पेला. पाण्याची बाटली. टॉर्च, सुईदोरा, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं. एक मोठी प्लास्टिकची शीट, खाली अंथरायला आणि अवकाळीत वर घ्यायला. पॉवरबँक चालेल. आधारकार्डाच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो एका जाड पिशवीत. परिक्रमा सुरू करताना मिळणारं पत्र आणि आश्रमांचे शिक्के घेण्याची वहीही त्यातच. झोळी दिसायला सुंदर दिसते, पण सगळा भार एका खांद्यावर येतो. कमरेला पट्टा असलेली सॅक घ्या, वजन नितंबांवर उतरतं. आणि दोन-तीन दिवसांनी जे एकदाही बाहेर निघालं नाही ते पहिल्या मोठ्या गावच्या पोस्टातून घरी पाठवून द्या. पोथीसुद्धा. म्हणायचं तेवढं स्तोत्र कागदावर लिहून घेता येतं.

[दृश्य : धुळीनं भरलेले पाय, जवळून. चिकटपट्टी कापणारे हात.]

आता पाय.

फोड येतो तो घर्षण, ओल आणि उष्णता या तिघांच्या संगनमतानं. एकाला बाजूला काढलं तरी बराच फरक पडतो. नर्मदेच्या काठावर ओल कायमची : सकाळचं दव, ओलिताच्या शेतांचे बांध, ओढे, उपनद्यांचे उतार. म्हणून दर थांब्याला बूट काढायचे, मोजे उन्हात टाकायचे, पाय वाऱ्याला ठेवायचे. ओढा पार करताना बूट गळ्यात. पलीकडे बसून पाय पुसल्याशिवाय मोजा चढवायचा नाही. बरोबरीचे पुढे निघून गेले तरी चालेल, संध्याकाळी आश्रमात भेटतातच.

चुरचुर सुरू झाली की त्याच मिनिटाला थांबा. पुढच्या गावात बघू म्हटलं की फोड आलाच. चुरचुरणाऱ्या जागेवर खेळाडू वापरतात ती कापडी चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून, म्हणजे ती गुंडाळत नाही. फोड झालाच तर वरची कातडी ओढून काढू नका. तीच सगळ्यात चांगली पट्टी. मांड्या घासतात तिथे आणि बोटांच्या बेचक्यांत पहाटे व्हॅसलिन. नखं बारीक, सरळ कापलेली. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री टॉर्चनं तळवे तपासावेत, कारण त्यांना जखम दुखूनच कळेल याचा भरवसा नसतो.

बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्यावेत. आठवड्याभराच्या चालण्यानं पाऊल सुजतं, पसरतं. खरेदी संध्याकाळी, पाय थकलेले असताना करावी. कोरे बूट घालून कुणी निघू नये. आणि एक जोड अख्खी परिक्रमा पुरत नाही. सात-आठशे किलोमीटरनंतर तळ वरून धड दिसला तरी आतून बसलेला असतो आणि गुडघे बोलायला लागतात. पुढचे जोड कुठे घ्यायचे किंवा घरून कुठे मागवायचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावं. पातळ तळाच्या चपलेतून बाभळीचा काटा सरळ वर येतो. अनवाणी चालण्याचा संकल्प करणाऱ्यांना आम्ही अडवणार नाही. पण घरी मैलभरही अनवाणी न फिरलेल्या माणसानं ओंकारेश्वरला आल्यावर तो करू नये.

डांबरी रस्ता लागला की उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. वाळूचे डंपर कुणासाठी थांबत नाहीत. रस्त्याची कड उतरती असते, सगळा दिवस त्याच उतारावर काढला की एकाच बाजूचा घोटा आणि गुडघा दुखतो. जागा मिळेल तिथे साइडपट्टीच्या मातीवर उतरा.

[दृश्य : धरणाचा फुगवटा. पाण्यातून डोकावणारी वाळलेली झाडं.]

नकाशात या वाटेची रेघ शोधू नका. काठानं चालायचं, पण काठच जागेवर राहिलेला नाही. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. प्रत्येक धरणानं वाट आत ढकलली. २००४ साली इंदिरा सागरच्या पाण्यासाठी हरसूद हे अख्खं गाव उठलं. त्या जलाशयाला वळसा घालताना नदी दिवसच्या दिवस दिसत नाही. वाढीव किलोमीटर येतात ते इथून. म्हणून रस्ता विचारायचा तो फोनला नाही, गुराख्याला. मागच्या वर्षीच्या परिक्रमावासीलाही नाही, कारण पाणी दरवर्षी वेगळ्या उंचीवर असतं.

धरणांखाली एक गोष्ट जिवावर बेतू शकते. आकाश निरभ्र असतानाही पाणी चढतं, वीजनिर्मितीसाठी सोडलेलं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे अमावास्येच्या स्नानाला जमलेले कितीतरी यात्रेकरू अशाच पाण्यात वाहून गेले. पात्रातल्या खडकावर झोपायचं नाही, वाळूच्या पट्ट्यावर आसन लावायचं नाही. भोंगा ऐकू आला की कपडे गोळा करत बसायचं नाही, वर यायचं. काही पट्ट्यांत मगरीही आहेत. आंघोळीची जागा गावकऱ्यांना विचारूनच.

[दृश्य : सातपुड्याचे उघडे डोंगर, पायवाट, दूरवर एकेकटी घरं.]

दक्षिण तटावर बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी सुरू होते. इथेच परिक्रमा महाराष्ट्राला शिवते : नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव आणि अक्कलकुवा तालुके. झाडी हे नाव उरलंय, झाडं बरीचशी गेली. चढ-उतार मात्र तसेच. परिक्रमावासीयांना इथे लुटून लंगोटीवर आणून सोडायचे, अशा गोष्टी अजून चवीनं सांगितल्या जातात. आज त्याच डोंगरांतल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या ओसरीवर लोक झोपतात आणि त्यांच्याच मक्याच्या भाकरी खातात. ज्यांची शेतं सरदार सरोवरात गेली, त्यांच्या घरचं हे अन्न आहे, हे खाताना ठाऊक असावं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही पाण्याखाली आहे, नवं गोरा गावात बांधलंय.

इथे मुलं धावत येतात आणि शहरातून आलेले लोक सॅकमधून चॉकलेटं काढतात. कृपा करून हे थांबवा. मुलांना हात पुढे करायची सवय लागते आणि वेष्टनं डोंगरात पडतात. द्यायचंच असेल तर ज्या घरी राहिलात तिथे शिध्याचे पैसे मोठ्यांच्या हातात द्या, नाहीतर तिथल्या शाळेत गुरुजींना विचारून वह्या द्या.

ज्यांना झाडी झेपत नाही ते सडकेनं शहादा, प्रकाशा असे जातात. प्रकाशा तापीच्या काठी. परिक्रमा नर्मदेची आणि मुक्काम तापीवर! पण गुडघ्यांना विचाराल तर तो मार्ग निवडण्यात काहीच कमीपणा नाही.

स्त्रिया एकट्या आणि गटानं, दोन्ही तऱ्हांनी चालतात. स्वतंत्र खोली सगळीकडे नसते, म्हणून मुक्काम दुपारीच विचारून ठेवलेला बरा. पाळीच्या दिवसांत काही आश्रमांचे नियम कडक असतात. तिथे वाद घालण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पुढचं गृहस्थाचं घर गाठणं सोपं. वापरलेल्या पॅडसाठी एक घट्ट झाकणाचा डबा सोबत हवा.

[दृश्य : विमलेश्वर. चिखलात टेकलेल्या नावा.]

समुद्राजवळ चालणं थांबतं. विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मीठी तलाईला नावेनं जायचं. नाव भरतीवर सुटते, घड्याळावर नाही. मध्यरात्रीही निघावं लागतं. नावनोंदणी आधी करायची, लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, सॅक प्लास्टिकमध्ये बांधायची. तीन-चार तास उन्हात किंवा गार वाऱ्यात बसावं लागतं. पोट हलकं ठेवा. पलीकडे पाणी ओसरलेलं असेल तर चिखलातून उतरायची तयारी ठेवा.

उत्तर तटावर मराठी माणसाची पावलं गरुडेश्वरला रेंगाळतातच. कोकणातल्या माणगावचे टेंबेस्वामी, वासुदेवानंद सरस्वती, १९१४ साली इथे समाधिस्थ झाले. पायांना एक दिवस विश्रांती द्यायला ही जागा चांगली, आणि ती देण्याची वेळही तोवर आलेली असते.

कार्तिकात ओंकारेश्वरहून निघालेला माणूस अमरकंटकला पोचेपर्यंत थंडी बरीचशी सरलेली असते. पण हजार मीटरच्या वरची ती जागा, रात्री हुडहुडी भरतेच. तिथून उतरून नर्मदापुरमकडे येताना ऊन तापायला लागतं. त्या टप्प्यावर स्लीपिंग बॅग घरी पाठवायची, पहाटे लवकर निघायचं आणि अकराच्या आत थांबायचं. लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय हे समजावं.

एवढं सगळं जमेल का, हे घरबसल्या कळत नाही. त्यासाठी चैत्रात गुजरातेत जा. रामपुरा ते तिलकवाडा नर्मदा उत्तरेकडे वाहते. तिथली उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसाची, साधारण वीस किलोमीटरची. मध्ये नदी पार करावी लागते, आणि या छोट्या परिक्रमेत ते चालतं. ऊन टाळायला लोक पहाटे दोन-तीनलाच निघतात. जायचं तर तेच बूट घालून, तीच सॅक भरून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐका, मग कार्तिकातलं तिकीट काढा.