स्टार्चमुक्त आहार आणि आखडणारा कणा

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला 'संधिवातात स्टार्चमुक्त आहार' हा विषय दिला आहे. त्यात शिरण्यापूर्वी मी तो थोडा आवळून घेणार आहे, कारण संधिवात या एका नावाखाली आपण निदान चार वेगवेगळे आजार एकत्र बांधतो. उतारवयात झिजलेला गुडघा हा एक, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा लालबुंद सुजणे हा दुसरा, दोन्ही हातांची बोटे सुजवणारा आमवात हा तिसरा आणि ऐन तारुण्यात कंबर व कणा धरणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा चौथा. स्टार्च बंद करून दुखणे कमी होते का, हा प्रश्न वैद्यकात गांभीर्याने विचारला गेला तो या चौथ्या आजारासंबंधी. झिजलेल्या गुडघ्याला भात सोडल्याने मिळालाच तर वजन उतरण्याचा फायदा मिळेल, आणि युरिक अ‍ॅसिडच्या रुग्णाने भाताची जागा मटणाला व मासळीला दिली, तर त्याचा अंगठा अधिकच ठणकेल. म्हणून ज्यांना आपले नेमके निदान ठाऊक नाही त्यांनी आज ऐकलेले घरी जाऊन लगेच करू नये, ही माझी पहिली विनंती आहे.

हा चौथा आजार ओळखण्याची खूण त्याच्या वागण्यात आहे. सहसा विशी-तिशीत सुरू होणारे हे कंबरेचे दुखणे विश्रांतीने वाढते आणि हालचालीने उतरते. रुग्णाला रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते, सकाळी उठल्यावर अर्धा-अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ कंबर वाकत नाही आणि चार पावले चालल्यावर ती सुटू लागते. श्रमाने आलेली कंबरदुखी याच्या बरोबर उलट वागते. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी आणि कटीचे हाड यांमधल्या सांध्यात दाह सुरू होतो, तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर मणक्यांमध्ये नवे हाड धरते आणि कणा एकसंध होऊ लागतो. साध्या क्ष-किरण चित्रात हे दिसायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे अनेक तरुण 'गादी बदला', 'जड उचलू नका' एवढ्याच सल्ल्यावर तारुण्य घालवतात.

या आजाराचा आतड्याशी संबंध कसा जोडला गेला, ती हकीकत लंडनमध्ये घडते. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या, युरोपीय वंशाच्या लोकांत तर सुमारे ९० टक्क्यांच्या, पेशींवर एचएलए-बी२७ ही खूण असते. मात्र ही खूण जन्मतः बाळगणाऱ्या शंभर माणसांपैकी अगदी थोड्यांनाच आजार होतो. म्हणजे जनुकाच्या जोडीला आणखी काहीतरी लागते. ते काय असावे, याचा शोध घेणाऱ्यांत लंडनचे अ‍ॅलन एब्रिंगर हे प्रतिकारशास्त्रज्ञ होते. आजार उसळलेल्या रुग्णांच्या शौचात क्लेबसिएला हा जीवाणू अधिक वेळा सापडतो, असे निरीक्षण त्यांच्या गटाने १९७८ साली प्रसिद्ध केले. पुढे १९८७ मध्ये दुसऱ्या एका गटाला या जीवाणूच्या एका प्रथिनात आणि बी२७ च्या प्रथिनात सलग सहा अमिनो आम्ले अगदी सारखी आढळली. एब्रिंगर यांचे म्हणणे असे, की शरीर या जीवाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते आणि साम्यामुळे ती प्रतिपिंडे आपल्याच सांध्यांवर उलटतात.

आता यात स्टार्च कोठून आला? क्लेबसिएला पुल्युलानेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो. स्टार्चच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या तो या विकराने तोडतो आणि त्यांवर पोसला जातो. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च खाली उतरला की त्याची मेजवानी होते. तेव्हा स्टार्च तोडला तर जीवाणू घटेल, प्रतिपिंडे घटतील आणि दाह शमेल, असा हा सरळ हिशेब होता. एब्रिंगर आणि त्यांचे सहकारी आपल्या रुग्णांना पाव, बटाटा, भात, पास्ता आणि केक कमी करून मांस, मासे, अंडी, भाज्या व फळे वाढवायला सांगत, आणि १९९६ च्या त्यांच्या अहवालानुसार काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर आणि आयजीए या जातीच्या प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण हे दोन्ही आकडे उतरले.

हा हिशेब सुबक आहे, आणि सुबक हिशेबाकडे मी जरा संशयानेच पाहतो. तो अहवाल लहान होता. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, एकाला हा आहार व दुसऱ्याला नेहमीचा आहार द्यावा आणि मग तुलना करावी, तशी ती चाचणी नव्हती. या आजाराला भरती-ओहोटी असते. माणूस पथ्याचा निश्चय करतो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर, आणि टिपेनंतर ओहोटी तशीही येणार असते. श्रेय मात्र पथ्याला मिळते. क्लेबसिएलाचे निरीक्षणही सर्वांना सारखे आले नाही, आणि आज आतड्यातील जीवाणूंचा जनुकीय अभ्यास होतो तेव्हा अनेक कुळांचे संतुलन बिघडलेले दिसते, एकाच आरोपीकडे बोट दाखवता येत नाही. पण आतडे निर्दोष आहे असेही कोणी म्हणू शकत नाही. बेल्जियममधील गेंट येथील वैद्यांना या गटातील आजारांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूक्ष्म दाह आढळला होता, तोही पोटाची तक्रार नसताना. १९९४ साली टेक्सासमध्ये बी२७ जनुक घातलेले उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तेव्हा त्यांना ना आतड्याचा विकार झाला ना सांध्याचा. तेव्हा एब्रिंगर यांनी दाखवलेले घर बरोबर असावे, दार कोणते याविषयी वाद आहे, असे मी मानतो. चांगली मोठी चाचणी अजून का झाली नाही, याचे एक कारण मला उघड दिसते: भात न खाण्याचे पेटंट कोणाला मिळत नाही.

इतके ऐकूनही ज्याला हा प्रयोग करून पाहायचा आहे, त्याच्यापुढचा खरा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराचा आहे. लंडनच्या माणसाने पाव आणि बटाटा सोडला की त्याचे निम्मे काम होते. आपल्या ताटातून भात, पोळी, भाकरी गेली तरी डाळ उरते, आणि कोरड्या डाळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास स्टार्चच असतो. बेसन आले, म्हणजे पिठले, भजी, झुणका आणि भाजीला लावलेले पीठही आले. सर्वांत मोठी फसगत उपवासाच्या दिवशी होते. 'मी धान्य पूर्ण सोडले आहे' असे सांगणाऱ्यांची आहाराची वही पाहिली, की आठवड्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची पुरी, रताळे आणि बटाट्याचा कीस आढळतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; त्याच्या तुलनेत ज्वारीची भाकरी सौम्य म्हणावी लागेल. उपवासाचे धर्मशास्त्र आणि हे पथ्य यांची गाठ कोठेच पडत नाही.

ओळखण्याची एक सोपी रीत आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन पाण्यात थोडे पातळ करून त्याचा एक थेंब पदार्थावर टाकावा. स्टार्च असेल तर तपकिरी थेंब क्षणात निळा-काळा होतो, नसेल तर तपकिरीच राहतो. दूध-पनीरमधील स्टार्चची भेसळ तपासायलाही हीच चाचणी वापरतात. तपासलेला तुकडा अर्थातच टाकून द्यायचा. कच्च्या केळ्यावर थेंब काळा पडतो. तेच केळे सालीवर ठिपके येईपर्यंत पिकले की रंग पुष्कळ फिका उठतो, कारण दरम्यान स्टार्चची साखर झालेली असते. कांदा आणि ओले खोबरे सुटतात. हळद मात्र गोंधळात टाकते: हळकुंडात भरपूर स्टार्च असल्याने थेंब काळवंडतो, पण भाजीत पडते ती पाव चमचा. बाजारच्या हिंगातही मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. औषधाच्या गोळ्या बांधायलासुद्धा स्टार्च वापरतात, आणि त्या भीतीने औषध बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. चिमूटभर हिंगाने किंवा एका गोळीने कोणाचा कणा आखडत नाही. आकडा ताटाचा मोजावा, फोडणीचा नव्हे.

एक गुंता मात्र मी लपवणार नाही. शिजवून थंड झालेल्या भाता-बटाट्यातला काही स्टार्च पचनाला दाद देत नाही आणि थेट मोठ्या आतड्यात पोहोचतो. एब्रिंगर यांच्या तर्काने शिळा भात म्हणूनच अधिक वाईट. परंतु त्याच न पचलेल्या स्टार्चपासून आतड्यातील इतर जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि ती आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात व दाह आवरतात, असे पोषणशास्त्र सांगते. स्टार्च तोडताना शत्रूबरोबर मित्रही उपाशी राहतात. म्हणून धान्याची जागा केवळ पनीर आणि अंडी यांनी भरू नये. दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार, पालेभाज्या आणि फळे यांतला चोथा पोटात गेलाच पाहिजे.

प्रथिनांची अडचण त्याहून मोठी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरी माशाची आमटी आहे, ओले खोबरे आहे, सोलकढी आहे. तेथे फक्त भात बाजूला ठेवायचा आणि मासा तळताना रवा लावायचा नाही. देशावरच्या शाकाहारी घरी वरण आणि भाकरी दोन्ही एकदम गेली, तर दही, पनीर, शेंगदाणे, तीळ आणि चालत असतील तर अंडी एवढ्यावरच निभावावे लागते. त्यातच शेजारच्या काकू सांगतात, की वातावर दही चालत नाही. त्यांचे बोलणे निराधार नाही: आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या जुन्या आयुर्वेदग्रंथात आहे, आणि आयुर्वेदाच्या परंपरेत त्या रोगाला दही, दूध, मासे व गूळ वर्ज्य सांगितले आहेत, तर जव, कुळीथ आणि जुने तांदूळ पथ्यकर मानले आहेत. म्हणजे लंडनने जे काढले ते येथे चालते आणि लंडनने जे दिले ते येथे वर्ज्य आहे. दोन्ही पथ्ये एकाच वेळी पाळणाऱ्याच्या ताटात उकडलेली पालेभाजी तेवढी उरते. असे रुग्ण दोन-तीन महिन्यांत खंगतात, मांड्यांचे स्नायू उतरतात, आणि ज्या आजारात हाडे आधीच ठिसूळ होण्याकडे झुकलेली असतात त्यात हे परवडणारे नाही. कोणते तरी एकच पथ्य निवडावे आणि दर आठवड्याला वजन करावे.

प्रयोग करायचाच तर तो प्रयोगासारखा करावा. सुरू करण्याआधी सीआरपी व ईएसआर हे रक्तातला दाह दाखवणारे दोन आकडे आणि वजन यांची नोंद असावी. इंग्लंडमधील बाथ येथे १९९४ साली तयार झालेली सहा प्रश्नांची एक पट्टी आहे; थकवा, कण्याचे दुखणे, सांध्यांची सूज, दाबल्यावर होणारी वेदना, सकाळचे आखडणे आणि ते किती वेळ टिकते, या सहा गोष्टींना रुग्णाने स्वतः शून्य ते दहा गुण द्यायचे. चार किंवा त्याहून अधिक सरासरी आली तर आजार जागा आहे असे मानतात. ती दर रविवारी भरावी. कंबरेचे माप घरीही घेता येते: सरळ उभे राहिल्यावर कंबरेच्या खालच्या दोन खळग्यांच्या पातळीवर पेनाने खूण करायची, तिच्या बरोबर वर १० सेंटीमीटरवर दुसरी, आणि गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर त्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे. निरोगी कण्यात ते १५ सेंटीमीटरच्या घरात जाते. आखडलेल्या कण्यात ते अकरा-बारावरच अडते. मोजणाऱ्या आईच्या हाताला ते आधी कळते, टेप नंतर सांगतो.

तीन महिने पुरेत. या काळात औषधात रुग्णाने स्वतः काहीही बदल करायचा नाही, अन्यथा फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिबसारख्या दाहशामक गोळ्या, गरज पडल्यास टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१७ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांना अडवणारी इंजेक्शने, आणि रोजचा व्यायाम हा उपचाराचा सिद्ध पाया आहे. आहार त्याच्या जोडीला येतो, त्याच्या जागी येत नाही. इंजेक्शनांचा खर्च ऐकून घराचा धीर सुटतो आणि आहाराची आशा तेथूनच फुगते, हे मला समजते. पण दाह चालू राहिला आणि मणके जुळले, तर ते कोणत्याही पथ्याने पुन्हा सुटत नाहीत. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे, पथ्य कितीही कडक चालू असले तरी. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरंभच करू नये: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना भात-पोळी एकदम थांबवली तर साखर धोकादायक खाली जाते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात साखर फारशी न वाढताही आम्लता चढू शकते.

तीन महिन्यांनी गुण आणि सीआरपी जागच्या जागी असतील, तर भाकरी पुन्हा ताटात घ्यावी. तिच्यावर विनाकारण राग धरू नये. आकडे उतरले असतील तर बहुतेक जण टाळतात ती पायरी बाकी असते. दोन-तीन आठवडे पूर्वीसारखे भात, पोळी, डाळ खाऊन तीच पट्टी पुन्हा भरायची. दुखणे परतले तर या माणसापुरता स्टार्चचा संबंध बराच बळकट झाला, आणि औषधाची मात्रा कमी करता येईल का, हे आपल्या संधिवाततज्ज्ञाला विचारण्यासाठी त्याच्या हातात एक वही असते. ते परतले नाही, तर त्याचे बरे वाटणे खरेच आहे, पण त्यासाठी घरात दोन स्वयंपाक करण्याची गरज नाही.