इरावती नावाच्या सगळ्याजणी

मंडळी, आज एका नावाविषयी बोलायचं आहे. इरावती. आपल्याकडे हे नाव मुलींना क्वचितच ठेवतात. कानावर पडलं की बहुतेकांना एकच व्यक्ती आठवते, मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे. पण हेच नाव ब्रह्मदेशातल्या एका प्रचंड नदीचं आहे, पंजाबातल्या एका नदीचं होतं, पुराणांतल्या दोघीतिघींचं आहे आणि एका डॉल्फिनचंही आहे. यातल्या एकीचा माग काढत गेलं की दुसरी भेटते, आणि वाटेत आपली माणसं भेटतात, तीही जिथे ती असतील असं वाटलं नव्हतं अशा ठिकाणी. ती वाट आज तुमच्याबरोबर चालायची आहे.

सुरुवात बाईंपासूनच करू. इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंग्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे बर्मा कॉटन कंपनीत नोकरीला होते. करमरकरांची मुलगी, चित्पावन घर, आणि गाव ऐरावती, म्हणजेच इरावती, नदीच्या काठचं. मुलीला नदीचं नाव ठेवलं. गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना ही नावं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, तेव्हा नदीचं नाव ठेवणं यात नवं काही नव्हतं. नवी होती ती नदी. परमुलखात पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसाने तिथल्या पाण्याला आपलं मानलं आणि लेकीच्या नावातून ते घरी आणलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

त्याच वर्षांत त्या नदीच्या काठी आणखी कोण होतं, ते पाहा. मिंग्यानपासून नदीने वर गेलं की मंडाले लागतं. १९०८ ते १९१४ लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. गीतेवरचा आपला मोठा ग्रंथ त्यांनी तिथेच लिहिला. म्हणजे वरच्या अंगाला टिळक कैदेत होते आणि खालच्या अंगाला करमरकरांची चिमुरडी खेळत होती. आणि ज्या राजाची मंडाले ही राजधानी, तो थिबा राजा त्या वेळी कुठे होता? आपल्या रत्नागिरीत! १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला पकडलं, आगबोटीत घालून याच नदीने खाली रंगूनला नेलं, तिथून मद्रासला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला. जवळजवळ तीस वर्षं तो तिथे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात तिथेच वारला. ब्रह्मदेशाचा राजा कोकणात आणि कोकणचे टिळक ब्रह्मदेशात, अशी ही इंग्रजी सत्तेची अदलाबदल. रत्नागिरीकर थिबा पॅलेस रोज पाहतात. त्या वाड्याचं नातं इरावतीबाईंच्या नावाशी आहे, हे मात्र आपण सहसा बोलत नाही.

सातव्या वर्षी इरावतीला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढचं तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे: फर्ग्युसन, मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकररावांशी लग्न, मग बर्लिन. बर्लिनचं काम मात्र थांबून सांगण्यासारखं आहे. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराला शास्त्राचं रूप देणारे गृहस्थ. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, असं काही मोजमापातून निघावं ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशावरून तसा फरक पडत नव्हता, आणि त्यांनी तसंच लिहिलं. पंचविशीही न ओलांडलेली परदेशी विद्यार्थिनी, मार्गदर्शक इतका वजनदार, आणि हातातला पुरावा त्याच्या विरुद्ध. पुढे १९३९ पासून अखेरपर्यंत त्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाभारतावरचं त्यांचं ‘युगान्त’ तुम्ही वाचलं असेल. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांचा कणा पाहायचा असेल तर बर्लिनच्या त्या प्रबंधाकडे जावं.

आता पुराणांतल्या इरावती. रामायणाच्या अरण्यकांडात जटायू रामाला प्राण्यांच्या कुळांची हकिगत सांगतो. त्यात भद्रमदेची मुलगी इरावती, आणि इरावतीचा मुलगा ऐरावत, तो महागज. इंद्राचा हत्ती आपण समुद्रमंथनातून आलेला म्हणून ओळखतो. इथे त्याला आई आहे, आणि त्याचं नाव आईवरून आलेलं आहे. भागवतात परीक्षिताची राणी इरावती, जनमेजयाची आई. कालिदासाच्या नाटकात अग्निमित्राची राणी इरावती, मालविकेवर रागावलेली. तिचा राग मला नेहमीच रास्त वाटत आला आहे.

आणि पंजाबातली इरावती म्हणजे रावी. ऋग्वेदात ती परुष्णी. दहा राजांचं युद्ध तिच्याच काठी झालं. मग ती इरावती झाली आणि लोकांच्या तोंडी झिजत झिजत रावी. लाहोर तिच्या काठचं. १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरात शिरल्या, तेव्हा मराठ्यांची घोडी या दुसऱ्या इरावतीवर पाणी प्याली असणार. अटकेपारचा अभिमान आपण जरूर बाळगतो. त्या मोहिमेतल्या नद्यांची नावंही मुलांना सांगायला हवीत.

आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. इरावती डॉल्फिन.

हा प्राणी दोन-अडीच मीटर लांब, राखाडी, डोकं गोल, चोच नाहीच, पाठीवरचा पर अगदी लहान. आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसतात ते डॉल्फिन निराळे. शास्त्राला याची ओळख झाली ती आपल्याच पूर्व किनाऱ्यावर: १८५२ साली विशाखापट्टणमच्या बंदरात एक मिळाला, त्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये वर्णन केलं. पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी ऐरावती नदीतले डॉल्फिन अभ्यासले आणि ती वेगळी जात मानली. ती वेगळी नाही हे नंतर ठरलं, पण नदीचं नाव साऱ्या जातीला चिकटून राहिलं. म्हणून ओडिशाच्या चिलिका सरोवरात, सुंदरबनात, कंबोडियाच्या मेकाँगमध्ये, बोर्निओच्या महाकाम नदीत, सगळीकडे तो इरावतीच. अँडरसनच्या काळी नदीत हे डॉल्फिन मंडालेच्या पार खाली, प्रोम गावापर्यंत दिसत. मिंग्यान त्या टापूत येतं. आज त्यांचा वावर मंडालेच्या वरच उरला आहे.

तिथले कोळी या डॉल्फिनांबरोबर मासेमारी करतात. माणूस लाकडी खुंटीने होडीच्या कडेवर ठोके देतो, घशातून विशिष्ट आवाज काढतो. डॉल्फिन येतात, माशांचा थवा वळवून होडीकडे रेटतात आणि शेपटीने इशारा करतात. इशारा मिळाला की कोळी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकतो. जाळ्यात मासळी जास्त येते, आणि जाळ्याच्या कडेला गोंधळलेले मासे डॉल्फिनांना मिळतात. पाळीव नसलेला प्राणी आणि माणूस यांचा हा करार बापाकडून मुलाकडे आणि, असं मानायला जागा आहे की, डॉल्फिनांतही आईकडून पिल्लाकडे चालत आला आहे. २००५ मध्ये मंडालेच्या वर या डॉल्फिनांसाठी नदीचा ७४ किलोमीटरचा पट्टा राखीव झाला.

तरी त्या नदीत आज शंभरसुद्धा डॉल्फिन नाहीत. उभी लावून ठेवलेली जाळी, ज्यांत माशाचे कल्ले अडकतात, त्यांत हेही अडकतात आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने मरतात. त्यात विजेचा झटका देऊन मासे मारणाऱ्या टोळ्या. त्यांच्यामुळे मासे तर संपतातच, पण डॉल्फिन होड्यांना भिऊ लागतात आणि तो जुना करार मोडतो. बोलावलं तरी ते येत नाहीत, असं व्हायला लागतं. मेकाँगमध्येही शंभराच्या आसपासच उरले आहेत. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय यादीत ही जात धोक्यात म्हणून नोंदलेली आहे. बांगलादेशच्या किनाऱ्यालगत मात्र अजून हजारोंनी आहेत.

आपल्या देशात ते पाहायचे तर चिलिका. तिथे सुमारे दीडशे आहेत. सरोवराकाठच्या सातपाड्याहून होड्या सुटतात. पुण्या-मुंबईहून पुरीला जाणाऱ्यांची रीघ असते, आणि त्यातले बरेच जण चिलिकाही करून येतात, म्हणून सांगतो. डॉल्फिन दिसला की नाखवा होडी त्याच्या मागे पळवतो, कारण आपणच त्याला तशी घाई करतो. इंजिनाचा पंखा त्यांना लागतो, आवाजाने ते बुजतात. तेव्हा आधीच सांगून ठेवा: लांबूनच इंजिन बंद कर, आम्ही थांबू. डॉल्फिन दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतोच.